आजचा सुविचार : बाजार कोसळला

तेव्हा जगातल्या बातम्या पायी यायच्या. लांबच्या देशातून निघालेली बातमी गल्लीत पोचेपर्यंत दमलेली असे. लोक तिची धूळ झटकत, तिला बसायला देत, आणि मग सावकाश विचारत, की बाई, काय म्हणतेस? एखादं सरकार पडलं तर ते दोन-तीन दिवस पडत राही. आता बातमी खिशातच थरथरते. माणूस एकटाच खाली मान घालून ती वाचतो आणि एकटाच घाबरतो. तेव्हा घाबरायचं झालं तरी दहा जण मिळून घाबरत. एका तीन मजली इमारतीतली माणसं तर कित्येक वर्षं एकाच फळ्यासमोर उभी राहून घाबरली, भांडली आणि हसली. तो फळा बाइंडरकाकांचा.

बाइंडरकाकांनी चाळीस वर्षं पुस्तकं बांधली. छापखान्यातून आलेले फर्मे, म्हणजे सोळा-सोळा पानांचे छापील ताव, दुमडायचे, जुळवायचे, शिवायचे, पाठीला खळ लावायची, वर पुठ्ठा चढवायचा. कायद्याचे ग्रंथ, वैद्यकाचे ग्रंथ, कवितेची पातळ पुस्तकं, सगळं त्यांच्या हातांखालून गेलं. त्यातलं त्यांनी एकही वाचलं नाही, कारण वाचता येत नव्हतं. आकडे तेवढे येत. फर्म्याच्या पहिल्या पानाखाली आकडा असतो. एकावर दोन आणि दोनावर तीन ठेवता आलं की जगातलं कुठलंही ज्ञान बांधून होतं. दारूच्या दुकानात चाळीस वर्षं काढून थेंबालाही न शिवलेल्या माणसाचं लोक कौतुक करतात. पुस्तकांच्या बाबतीत तसं कौतुक कुणी करत नाही, म्हणून काकांनी ही गोष्ट कुणाला सांगितली नव्हती.

अर्थात जग त्यांना ठाऊक होतं. रोज सकाळी काका दाढीला बसत आणि काकू शेजारच्या खुर्चीत बसून वर्तमानपत्र मोठ्यानं वाचत. तीस वर्षांतल्या सगळ्या लढाया, निवडणुका आणि तेलाचे भाव काकांनी तोंडाला साबण लावून ऐकले. एका युद्धाची तर त्यांच्या हनुवटीवर खूण होती. ऐन मोक्याला काकू म्हणाल्या, "अहो, शिरले की हो सैन्य!" आणि वस्तराही शिरला.

काकांचं काम सुटलं त्याच्या दुसऱ्या दिवशी काकूंनी पाटी आणली.

"आता शिका," त्या म्हणाल्या.

"या वयात?"

"मग पुढच्या वयात कोण शिकवणार आहे?"

काकू शिकवायला कडक होत्या. दीर्घ वेलांटी कुठल्या बाजूला, हे काका विसरले की म्हणत, "कान धरा. हा नव्हे, तो. आता त्या बाजूला." आठ महिन्यांत बाराखडी झाली, लहान लहान वाक्यं झाली. जोडाक्षरांचा धडा सुरू व्हायचा आणि त्याच आठवड्यात काकूंना वर्तमानपत्राच्या मधोमध डाग दिसायला लागला. त्यांनी पेपर बदलला, खिडकी बदलली, चष्मा बदलला. शेवटी डॉक्टर म्हणाले, डाग पेपरावर नाही, नजरेत आहे. कडेचं दिसेल, मोठं दिसेल, पण बारीक अक्षर आता विसरा.

अशा रीतीनं काकांचं शिक्षण जोडाक्षरांच्या दाराशी येऊन थांबलं. वाचताना ते अंदाजानं पुढे सरकत, पण लिहिताना अडून बसत. विशेषतः 'र' या अक्षरानं त्यांना फार छळलं. हा र म्हणजे भाड्याच्या घरातला बिऱ्हाडकरू. कधी शेजाऱ्याच्या डोक्यावर जाऊन बसतो, कधी पायात येतो, कधी खाली उलटी छत्री उघडून उभा राहतो, आणि नेमका कधी कुठे ते कुणाला विचारायची सोय नाही. 'च्या', 'ल्या', 'ण्या' एवढं त्यांना जमे, कारण त्यांच्यावाचून मराठीत उंबरासुद्धा ओलांडता येत नाही.

डोळे गेल्यावर पहिला आठवडा काकांनी पेपर वाचून दाखवला. काकू खुर्चीच्या हातावर बोटं वाजवत ऐकत होत्या. सातव्या दिवशी त्या म्हणाल्या, "अहो, तुमचं 'पंतप्रधान' म्हणून होईपर्यंत माणूस बदलतो. पुरे झालं. आणि खरं सांगू? मला कुणी वाचून दाखवायला नको. वाचणारी मी आहे."

त्यानंतर घरात बातम्या बंद झाल्या. काकू खिडकीशी बसून राहत. दाढी मुकाट्यानं होऊ लागली. एक दिवस त्या एकदम म्हणाल्या, "'लावू'तला उकार पहिला काढलाय गाढवानं."

"काय?"

"समोर बघा की. भिंतीवर."

इमारतीच्या फाटकाजवळ, कुंपणाच्या भिंतीवर आतल्या बाजूनं वीतभर अक्षरांत रंगवलं होतं, 'येथे वाहने लावु नयेत'. पहिल्या मजल्यावरच्या खिडकीतून काकूंना ते दिसत होतं, चुकीसकट दिसत होतं. काका वस्तरा हातात धरून उभेच राहिले. बातमी जर वीतभर उंचीची केली, तर काकू वाचतील!

काकूंना पटलं, पण त्यांनी अट घातली. "खाली कुणाला कळता कामा नये. लोक कीव करायला येतात आणि चहा पिऊन जातात."

काकांनी वचन दिलं. दुसरं एक वचन त्यांनी स्वतःलाच दिलं, की आपलं जोडाक्षरांचंही कुणाला कळू द्यायचं नाही. पुस्तकांत आयुष्य गेलेला माणूस म्हणून इमारतीत त्यांना मान होता. इतका, की लोक त्यांच्याकडे अर्ज तपासायला आणत. तो अर्ज काका डोळ्यांपासून लांब धरून, कागद बोटांनी चोळून, "कागद चांगला आहे" असं म्हणून परत देत, आणि लोक अर्ज पुन्हा लिहून काढत.

पहिला फळा काकांनी घरीच केला. बाइंडर माणूस, पुठ्ठ्यावर पुठ्ठा चिकटवला, काळं कापड चढवलं, चाळीस वर्षांच्या अनुभवाची दाट खळ घातली. खळ म्हणजे शेवटी शिजवलेलं पीठ. तिसऱ्या दिवशी फळ्याला मुंग्या लागल्या. एका देशाच्या सीमेवर सैन्य जमल्याची बातमी होती आणि ती फळ्यावर अक्षरशः हलताना दिसत होती.

तळमजल्यावर शिंप्याचं दुकान होतं. शिंपी म्हणाला, "काका, फळा लाकडाचाच पाहिजे. आणि हिरवा. हिरवा डोळ्यांना बरा." वरच्या मजल्यावरचे पोस्टमास्तर, निवृत्त झाले तरी पोस्टमास्तरच, म्हणाले, "फळा फाटकाबाहेर लावा. आत लावून उपयोग काय?" कमिटीचे सेक्रेटरी म्हणाले, "माझा आक्षेप नाही, पण माझी संमती आहे असंही समजू नका." हे सेक्रेटरी फार सावध गृहस्थ होते. कुणी 'नमस्कार' म्हटलं तरी ते आधी मागे वळून पाहत, की कुणी साक्षीदार आहे का.

शेवटी एका बंद पडलेल्या शाळेच्या सामानातून एक जुना फळा मिळाला. उत्तम लाकूड, पक्का काळा. दोष एकच. वरच्या बाजूला पांढऱ्या तैलरंगात कायमचं लिहिलेलं होतं, 'आजचा सुविचार'. रंगारी म्हणाला, "खरवडलं तर फळाच जाईल." काका म्हणाले, "राहू दे. जगाला गरजच आहे."

फळा त्याच भिंतीवर, सूचनेशेजारी, खिडकीसमोर टांगला, आणि त्या मथळ्याखाली दुसऱ्या दिवशी जगातली पहिली बातमी झळकली :

'दोन मोठे देश भांडले. कारण कुणालाच आठवत नाही.'

यात काकांचा विनोद करायचा बिलकूल विचार नव्हता. पेपरात छापलं होतं 'द्विपक्षीय संबंधांत ऐतिहासिक वादावरून पुन्हा तणाव'. आता 'द्विपक्षीय' हा शब्द ज्यानं शोधला त्याला काय, त्याला कुठे उन्हात शिडीवर उभं राहून तो लिहायचा होता? जोडाक्षर गाळायचं म्हणजे शब्द गाळायचा, आणि शब्द गाळला की खालचा अर्थ उघडा पडतो. राष्ट्राध्यक्षांचे 'तिकडचे मोठे साहेब' झाले. अर्थमंत्र्यांचे 'तिजोरीवाले' झाले. 'आघाडी सरकार विश्वासदर्शक ठरावात पराभूत' याचं झालं, 'तिकडचे सरकार पडले. कुणाला लागले नाही.' आणि शिखर परिषदेचं झालं, 'सगळे देश जेवायला जमले. जेवण चांगले होते. ठरले काही नाही.'

सकाळी सातला काका लिहीत. वर खिडकीत काकू बसत. वाचून झालं की कानामागचा केस सारखा करत, ती खूण. मग काका खाली उतरत. आणि दाढी आता फळ्यानंतर व्हायला लागली, कारण काकूंना बोलायला विषय मिळाला होता.

महिन्याभरात आसपासच्या तीन गल्ल्या फाटकात डोकं घालून जाऊ लागल्या. 'तेल महाग झाले. तेलवाले देश खूश. बाकी सगळे पायी.' हे वाक्य शिंप्यानं दुकानात कापडावर बेतून टांगलं. शिंपी म्हणे, "काकांची लेखणी म्हणजे कातरी आहे." लोक सल्लेही देऊ लागले. एकानं हवामान लिहायला सांगितलं. एकानं आपल्या भावाला बढती मिळाली, ती जगाच्या बातमीत बसते का म्हणून विचारलं. पोस्टमास्तर मात्र फळ्यासमोर हात मागे बांधून उभे राहत आणि म्हणत, "मुद्दे ठीक आहेत हो. पण भाषा पोरकट वाटते. 'राष्ट्राध्यक्ष' लिहायला काय होतं तुम्हांला?"

"लोकांना समजलं पाहिजे, पोस्टमास्तर," काका मान तिरपी करून म्हणत. चेहरा असा, की जणू सोपं लिहिणं ही त्यांनी आयुष्यभर केलेली साधना आहे.

आणि मग तो दिवस उजाडला. पेपरात पहिल्या पानावर ठळक होतं, 'बाजार कोसळला. बड्या गुंतवणूकदारांचे पैसे अडकले. छोट्यांनी घाबरून विक्री करू नये, तज्ज्ञांचा सल्ला.' भांडवलाचा बाजार. काकांच्या घरातलं सगळं भांडवल म्हणजे एक सुई, दोन पाचरी आणि पितळी दाबपट्टी, त्यामुळे त्यांनी थंड डोक्यानं खडू उचलला. 'बाजार कोसळला' यात एकही जोडाक्षर नव्हतं, ते जसंच्या तसं उतरवलं. 'गुंतवणूकदार' फळ्याच्या बाहेर जात होता. 'विक्री'त तो र पाय धरून बसलेला होता. 'तज्ज्ञ' तर नुसतं पाहूनच काका शिडीच्या एक पायरी खाली आले. शेवटी बातमी अशी सजली :

'बाजार कोसळला. मोठी माणसे आत अडकली. लहानांनी घाबरून धावपळ करू नये.'

आता दोन गल्ल्या पलीकडे भाजीचा जुना, छपराचा बाजार होता. सगळं गाव त्याला नुसता 'बाजार' म्हणे. आणि शिंप्याची बायको दहा मिनिटांपूर्वीच तिकडे कोबी आणायला गेली होती.

शिंप्यानं फळा वाचला. हातातली कातरी टाकून तो धावला. धावण्याआधी त्यानं बंबवाल्यांना फोन केला, हे त्याच्या समयसूचकतेचं लक्षण. "मोठी माणसं आत अडकलीयत" असं तो फोनवर सांगत होता, आणि "लहान मुलांचं काय?" या प्रश्नाला, "ती धावपळ करत नाहीत" असं उत्तर देत होता. पाठोपाठ सगळी इमारत धावली. पोस्टमास्तर धोतराचा सोगा धरून धावले. सेक्रेटरी धावले नाहीत, पण धावण्यास त्यांचा आक्षेप नव्हता.

बाजारात काय झालं, ते पुढे दोन वर्षं लोक सांगत होते. बाजार उभा होता. भाज्यांवर पाणी मारणं चाललं होतं. एवढ्यात घणघणत बंब आला, मागून शंभर माणसं ओरडत आली, "कोसळला! कोसळला!" आतल्या माणसांनी वर छपराकडे पाहिलं आणि जीव घेऊन बाहेर धाव घेतली. बाहेरची माणसं आतल्यांना वाचवायला आत घुसली. दारात दोघांची गाठ पडली. त्या रेट्यात बटाट्यांची एक मांडणी आडवी झाली, तिनं टोमॅटोची पाडली, आणि टोमॅटोनं शिंप्याला. त्याला लाल झालेला पाहून त्याच्या बायकोनं जी किंकाळी फोडली, ती ऐकून बंबवाल्यांनी पाणी सोडलं.

दुपारी भाजीवाली मावशी फाटकात येऊन उभी राहिली. कमरेवर हात, पदराला टोमॅटो. "कुठाय तो सुविचारवाला?"

काका खाली आले.

"माझा बाजार कुणी पाडला?"

"मावशी, तो बाजार वेगळा. कागदांचा. लांबचा. तिथे माणसं कागद घेतात आणि कागद विकतात."

"आणि खातात काय?"

काकांनी पुष्कळ पेपर ऐकले होते, पण हा प्रश्न कुणी छापलेला नव्हता.

प्रकरण इथे मिटलं असतं. पण बंब निघाला की वहीत नोंद होते, आणि नगरपालिकेच्या वहीत नोंद झाली, 'बाजार कोसळणे, एक'. आता कागदोपत्री बाजार पडलेला होता. पडलेल्या बाजाराला पाणी देता येत नाही, दिवे देता येत नाहीत. तिसऱ्या दिवशी बाजाराचा नळ तोडला. मावशी काकांचं मनगट धरून त्यांना कचेरीत घेऊन गेली.

कारकून टेबलावर कोपरं टेकून बसला होता. "राडारोडा उचलल्याचा दाखला आणा. तक्रार बंद करतो."

"साहेब, बाजार पडलाच नाही," काका म्हणाले.

"मग राडारोडा कुठाय?"

"पडलाच नाही, तर राडारोडा कुठून येणार?"

"म्हणजे उचललेला नाही." त्यानं तशी नोंद केली.

"अरे बाबा, बाजार उभा आहे," मावशी ओरडली. "मी त्यातून आले!"

"तसा दाखला आहे?"

"उभं असल्याचा दाखला कोण देतं?"

"कोणीच नाही. इमारत पडली की दाखला मिळतो. उभ्या इमारतीची आमच्याकडे पद्धत नाही."

तीन फेऱ्या झाल्या. चौथ्या फेरीला मावशीनं दोन मोडकी फळकुटं आणि टोपलीभर चिरडलेले टोमॅटो त्या टेबलावर उपडे केले. "हा घे राडारोडा. उचल." कारकुनानं दोन पावलं मागे जाऊन शिपायाला खूण केली, शिपायानं टोपली उचलली, आणि राडारोडा उचलल्याचा दाखला जागच्या जागी मिळाला. वहीप्रमाणे बाजार पडला, साफ झाला आणि पुन्हा उभा राहिला, सगळं नऊ दिवसांत. एवढ्या जलद बांधकामाबद्दल पुढे कुणा साहेबाची पाठ थोपटली गेली म्हणतात. काकांना तेव्हा कळलं, की देशांची प्रगती कशी मोजतात.

पण जाता जाता कारकुनानं एक कागद इमारतीकडे धाडला. सार्वजनिक ठिकाणी विनापरवाना वार्ताफलक. ताबडतोब काढावा, अथवा लोकांस दिसणार नाही अशा जागी हलवावा.

सेक्रेटरींनी त्याच संध्याकाळी अंगणात सभा बोलावली. "मागे सायकलींच्या छपराखाली लावू," ते म्हणाले. "कुणाला दिसणार नाही. म्हणजे फळाही राहिला आणि कायदाही राहिला."

"तिथे नको," काका म्हणाले.

"का?"

"तिथे... ऊन लागत नाही."

"फळ्याला ऊन कशाला?" शिंप्यानं विचारलं. त्याचा सदरा अजून गुलाबीच होता.

"इथेच पाहिजे. याच भिंतीवर."

"पण कारण तरी सांगा, काका!"

काकांनी वर खिडकीकडे पाहिलं. पडद्यामागे काकू होत्या. छपराखाली फळा गेला, की त्या खिडकीत उद्यापासून काय उरणार होतं? एक भिंत, आणि तिच्यावरचा एक चुकीचा उकार. पण वचन ते वचन. आणि कारण न सांगणारा म्हातारा हट्टीच दिसतो.

तेवढ्यात पोस्टमास्तर उठले. खिशातून एक वही काढली. "मी काही नोंदी ठेवल्या आहेत," ते म्हणाले. "पाच महिने रोजचा फळा उतरवून घेतला. त्यात 'च्या' आणि 'ल्या'ची जात सोडली तर जोडाक्षर एकही नाही. एकही! हा योगायोग नाही. बाइंडर, तुम्ही आमची थट्टा करता, की याच्यात काही सांकेतिक भाषा आहे? हा खडू घ्या. सगळ्यांसमोर लिहून दाखवा. राष्ट्राध्यक्ष."

काकांनी खडू घेतला. नकार देणं म्हणजे कबूल करणंच. ते फळ्याकडे वळले. 'रा' छान आला. मग ते थांबले. छत्री खाली की वर? आणि तो 'ष' कुणाच्या खांद्यावर टेकतो? मागे पंचवीस माणसं उभी होती. काकांच्या हातातला खडू मोडला. त्यांनी वाकून तुकडा उचलला, आणि उगाचच बराच वेळ उचलत राहिले.

"त्यांना येत नाही," वरून आवाज आला.

खिडकी सताड उघडी होती.

"पोस्टमास्तर, जोडाक्षरं त्यांना येत नाहीत, कारण मी शिकवली नाहीत. साठाव्या वर्षी पाटी घेतली माणसानं. तिथवर आले आणि माझे डोळे गेले. छापलेलं मला दिसत नाही आता. हा फळा गल्लीसाठी नाही, माझ्यासाठी आहे. इथून तेवढं वाचता येतं मला. आता कीव करायची असेल तर एक एक जण या, पण चहा आपापला आणा."

पोस्टमास्तरांनी वही मिटली. मग त्यांनी विचारलं, "वहिनी, किती दिसतं हो?"

"तुमचं धोतर दिसतं. तोंड दिसत नाही, ते एक बरं झालं."

कुणीतरी हसलं, मग सगळेच हसले, आणि पोस्टमास्तर सगळ्यांत उशिरा, पण सगळ्यांत जास्त. हसता हसता त्यांनी एकदम बोट वर केलं.

"थांबा! म्हणजे हे नवऱ्यानं बायकोला लिहिलेलं पत्र झालं!"

"कसं काय?" सेक्रेटरी सावध झाले.

"लिहिणारा एक, वाचणारी एक. पाकीट नाही एवढंच. हा वार्ताफलक नाहीच. हा खाजगी पत्रव्यवहार आहे. आणि दुसऱ्याचं पत्र वाचणं हा अपराध आहे. छत्तीस वर्षं मी हेच सांगत आलो. म्हणजे अपराध फळ्याचा नाही, वाचणाऱ्या गल्लीचा आहे!"

पोस्टमास्तरांनी रात्र न दवडता तीन पानी खुलासा लिहिला. त्यात इतकी जोडाक्षरं होती, की कारकुनानं तो वाचायच्या ऐवजी मंजूर केला. एकच अट घातली, की पत्र खाजगी असल्यास तसं ठळक लिहावं. काकांनी ते आनंदानं लिहिलं. त्या शब्दात अडचण काहीच नव्हती. 'आजचा सुविचार' आणि त्याखाली 'खाजगी'.

त्या दिवसापासून गर्दी दुप्पट झाली. फक्त लोक आता फळ्याकडे पाठ करून उभे राहत, चपलेचा अंगठा नीट करत, आणि मान वळवून चोरून वाचत. मावशीनं तर आपली भाजीची टोपलीच फाटकात आणून ठेवली. तिला वाचता येत नव्हतं. ती गिऱ्हाइकांकडून वाचून घेई आणि आपलं मत सांगे. तिजोरीवाल्यांबद्दल तिची मतं फार कडक होती.

पोस्टमास्तरांनी काकांना जोडाक्षरं शिकवली. जिन्यावर बसून, दोन महिने, आवाज चढवून. काका सगळी शिकले. उलटी छत्रीसुद्धा. पण फळ्यावर त्यांनी ती कधी आणली नाहीत, कारण लांबून जोडाक्षर काकूंना नुसता गोळा दिसे. ते सोपंच लिहीत राहिले, आणि आता त्यांची मान तिरपी होत नसे.

वर्षं गेली तसा काकूंच्या नजरेतला डाग पसरत गेला. काकांनी अक्षरं मोठी केली. तीन बातम्यांच्या दोन झाल्या. मग एक. मग एका ओळीची. लोक म्हणाले, जग आता आटोक्यात आलंय वाटतं. शेवटी शेवटी अक्षर हातभर झालं आणि फळ्यावर एकच शब्द मावू लागला. 'महागाई.' 'सभा.' 'महागाई.' बाकीचं गल्लीनं आपापसांत ठरवायचं. आणि ठरवताना कुणी घाईनं घरी जात नसे, कारण घरी जाऊन कळण्यासारखं काही नव्हतंच.

तिकडे लांब कुठेतरी दोन देशांची लढाई तीन वर्षं चालली होती. एका सकाळी काका शिडीवर चढले, नेहमीपेक्षा जास्त वेळ घेतला आणि फळाभर तीनच अक्षरं काढली :

'थांबली.'

शिंपी दुकानातून बाहेर आला. पोस्टमास्तर पाठ फिरवायचं विसरून समोरूनच वाचत उभे राहिले. मावशीनं गिऱ्हाइकाला विचारलं आणि हातातला तराजू तसाच धरून ठेवला. वर खिडकीत काकू पुढे वाकल्या होत्या. खूप वेळ लागला त्यांना.

"अहो, कोण थांबली?" त्यांनी विचारलं.

"लढाई!" सगळं अंगण एकदम ओरडलं. "लढाई थांबली, काकू!"

काकूंनी कानामागचा केस सारखा केला.

"आणि जिंकलं कोण?"

अंगण काकांकडे पाहू लागलं. काका शिडीवरून सावकाश उतरले, हातांवरची खडूची पूड झटकली आणि वर पाहून म्हणाले, "ते लिहायला जागा उरली नाही गं."